सहा अक्षरे, तेहेतीस बाइट: इंदूरची मराठी आणि संगणकातील देवनागरी

इंदूरच्या वाङ्मयीन इतिहासात १९३५ हे दोन संमेलनांचे साल आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन त्या वर्षी येथे भरले आणि महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालचे हिंदी साहित्य संमेलनही त्याच वर्षी येथेच झाले. हिंदी संमेलनात नागरी लिपीच्या सुधारणेसाठी एक समिती नेमली गेली; तिचे निमंत्रक होते काका कालेलकर, म्हणजे मातृभाषा मराठी असूनही गुजराती आणि हिंदीत अधिकाराने लिहिणारे लेखक. इ, ई, उ, ऊ या स्वतंत्र स्वरचिन्हांऐवजी ‘अ’लाच वेलांट्या आणि उकार लावावेत, ही ‘अ’च्या बाराखडीची कल्पना या काळात विशेष चर्चिली गेली, महाराष्ट्रात विनायक दामोदर सावरकरांनीही तिचा हिरिरीने पुरस्कार केला होता. या सुधारणेमागे सौंदर्यदृष्टीपेक्षा यंत्राची निकड अधिक होती. देवनागरी छापखान्याला जोडाक्षरांसह कित्येक शे खिळे लागत, तर टंकलेखन यंत्राच्या कळांवर नव्वदीच्या आसपासच चिन्हे मावत, आणि म्हणून लिपीनेच यंत्रासाठी आपले रूप आटोपशीर करावे, असा विचार त्या पिढीतल्या अनेक जाणत्या माणसांना पटला होता.

ती सुधारणा लोकव्यवहारात रुजली नाही, परंतु तिने मांडलेला प्रश्न मिटलाही नाही. लिपीने यंत्राप्रमाणे बदलावे की यंत्राने लिपीप्रमाणे, हा वाद पुढे संगणकाच्या क्षेत्रात अधिक गुंतागुंतीच्या रूपाने उभा राहिला, आणि मराठी व हिंदी या दोन भाषा एकाच लिपीत शेजारी शेजारी लिहिणाऱ्या इंदूरसारख्या शहरात त्याला आणखी एक पदर मिळाला.

१८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली. दरबाराचे दप्तर मराठीत आणि बव्हंशी मोडी लिपीत लिहिले जाई, तर बाजाराची आणि आसपासच्या मुलखाची भाषा माळवी व हिंदी होती. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारासाठी नगररचनेचा विस्तृत अहवाल लिहिला, तेव्हा हे शहर जुन्या पेठांबाहेर वाढू लागले होते. स्नेहलतागंज ही शहराच्या मध्यभागातील, जेल रोड, रामबाग आणि नारायण बाग यांच्या परिसरातील वस्ती. या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि इंदूर त्यात समाविष्ट झाले. तेव्हापासून शासनाची भाषा हिंदी आणि घराची भाषा मराठी, अशी या कुटुंबांची स्थिती राहिली. लिपी मात्र दोन्हीकडे देवनागरीच असल्यामुळे हे अंतर कागदावर फारसे डोळ्यांत भरत नसे. संगणकाने ते उघडे केले, कारण संगणकाला लिपी आणि भाषा या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात आणि जे सांगितले जात नाही ते तो स्वतःच्या पूर्वग्रहानुसार गृहीत धरतो.

पहिला पूर्वग्रह इंग्रजीचा होता. १९६३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ‘आस्की’ हे संकेतन, म्हणजे प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक अंक देणारी सारणी, सात बिटांचे होते आणि त्यात १२८ स्थाने होती. इंग्रजी वर्णमालेची मोठी व पुढे समाविष्ट झालेली लहान अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि दूरमुद्रकाला द्यायच्या आज्ञा यांतच ती संपली. पुढे आठ बिटांचा बाइट सर्वमान्य झाला, तेव्हा उरलेली १२८ स्थाने मोकळी झाली आणि ज्या त्या देशाने ती आपापल्या चिन्हांनी भरली. पश्चिम युरोपने तेथे स्वराघातांची चिन्हे घातलेली लॅटिन अक्षरे बसवली, ती सारणी ‘लॅटिन-१’ म्हणून ओळखली जाते. मायक्रोसॉफ्टने तिच्यात थोडे फेरफार करून ‘विंडोज-१२५२’ ही सारणी वापरात आणली. या दोन नावांचा मराठी मजकुराशी वरकरणी काही संबंध नाही, परंतु पुढील दोन दशके मराठी मजकुराचा जो विध्वंस झाला, त्यातील मोठा वाटा याच दोन सारण्यांचा आहे.

भारतीय लिप्यांसाठी ती वरची १२८ स्थाने कशी वापरावीत, याचे उत्तर आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आले. तेथे १९८० च्या दशकात रा. म. क. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या हाताळणारे तंत्र घडवले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि ‘जिस्ट’ या नावाने ते काम तेथे पुढे चालले. या परंपरेतून ‘इस्की’ हे संकेतन निर्माण झाले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झाले. इस्कीची मूळ दृष्टी विलक्षण होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला तत्त्वतः एकच आहे, म्हणून ‘क’ देवनागरीतला असो, बंगालीतला असो वा तेलुगूतला, त्याला एकच अंक द्यावा आणि तो कोणत्या लिपीत दाखवायचा हे एका स्वतंत्र निर्देशाने सांगावे, असा तिचा आराखडा होता. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात: ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी साठवणीत आधी ‘क’ येई आणि मागून वेलांटी, जोडाक्षराचे चित्र न साठवता व्यंजन, पाय मोडण्याचे चिन्ह आणि पुढचे व्यंजन असे तीन अंक साठवले जात, आणि चित्र तयार करण्याची जबाबदारी यंत्राची असे. १९३५ च्या समितीपुढील प्रश्नाला दिलेले हे उलट दिशेचे उत्तर होते, कारण येथे लिपी जशीच्या तशी राहिली आणि यंत्राला तिचे व्याकरण शिकावे लागले. भारतीय संगणकशास्त्राच्या सर्वांत सुजाण कृतींमध्ये इस्कीची गणना व्हायला हवी.

बाजारात मात्र दुसरेच तंत्र प्रस्थापित झाले. १९९० च्या दशकात लग्नपत्रिका, हस्तपत्रके, दिवाळी अंक आणि वृत्तपत्रे यांची अक्षरजुळणी टेबलावरच्या संगणकावर होऊ लागली, ती फाँटांच्या आधारे. या फाँटांनी संगणकाला देवनागरीचा पत्ताच लागू दिला नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागी त्यांनी देवनागरीचे तुकडे, म्हणजे अर्धा ‘स’, काना, वेलांटी, रफार यांची चित्रे बसवली. संगणकाच्या लेखी मजकूर लॅटिनच राहिला आणि वाचणाऱ्याला फाँटाच्या मुखवट्यामुळे तो मराठी दिसला. हिंदी पट्ट्यात कृतिदेव आणि महाराष्ट्रात श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशी नावे घरोघर पोहोचली. प्रत्येक निर्मात्याने तुकड्यांची वाटणी आपल्या सोयीने केल्यामुळे एका फाँटात लिहिलेला मजकूर दुसऱ्या फाँटात निरर्थक होई. इंदूरच्या जुळाऱ्याला मराठी संस्थेची निमंत्रणपत्रिका आणि हिंदी दुकानाची जाहिरात एकाच यंत्रावर करायची असली, तरी पुण्याहून आलेल्या फाइलसाठी त्याला तोच फाँट मिळवावा लागे.

वेबवर ही अडचण अनेक पटींनी वाढली, कारण तेथे वाचकाच्या यंत्रावर कोणता फाँट आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. इंदूरचे स्थान या इतिहासात येथे महत्त्वाचे ठरते. ५ जून १९४७ रोजी सुरू झालेल्या ‘नईदुनिया’ या हिंदी दैनिकाने या शहराला पत्रकारितेची मोठी परंपरा दिली. तिच्या घडणीत राहुल बारपुते या मराठीभाषक संपादकाचा वाटा मोलाचा होता. त्याच दैनिकाच्या छजलानी परिवारातील विनय छजलानी यांनी १९९९ मध्ये इंदुरातून ‘वेबदुनिया’ हे हिंदी संकेतस्थळ सुरू केले. वेबवरचे पहिले हिंदी पोर्टल म्हणून ते ओळखले जाते आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. त्या काळात भारतीय भाषांतील पाने दाखवण्याचे दोन मार्ग होते: वाचकाला फाँट उतरवून घ्यायला सांगणे, किंवा पानासोबत फाँट पाठवणारे ‘डायनॅमिक फाँट’ वापरणे. दुसऱ्या मार्गात इंटरनेट एक्सप्लोररसाठी एक रचना आणि नेटस्केपसाठी दुसरी अशी दुहेरी तयारी करावी लागे. यांतले काहीही चुकले की वाचकासमोर इंग्रजी अक्षरांची अर्थहीन मालिका येई. त्याहून मोठे नुकसान अदृश्य होते: असा मजकूर शोधता येत नव्हता, अकारविल्हे लावता येत नव्हता आणि तो मराठी आहे की हिंदी, हे कोणत्याही यंत्राला ओळखता येत नव्हते.

यातून सुटका करणारे युनिकोड ऑक्टोबर १९९१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला कायमचा, कुणाशीही न जुळणारा संकेतांक द्यावा, ही त्याची प्रतिज्ञा; देवनागरीचा त्यातील विभाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर उभा राहिला आणि त्यामुळे उच्चारक्रमाने साठवण्याची कानपुरी दृष्टी जगभर पोहोचली. मात्र संकेतांक ठरवणे आणि तो बाइटांत लिहिणे या दोन भिन्न क्रिया आहेत. दुसऱ्या क्रियेसाठी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही पद्धत रचली. तिच्यात आस्कीची १२८ चिन्हे पूर्वीप्रमाणेच एका बाइटात राहतात, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. सर्वसामान्य वापरकर्त्यापर्यंत युनिकोड देवनागरी पोहोचली ती विंडोज २००० पासून, र. कृ. जोशी या थोर अक्षररचनाकाराने घडवलेल्या ‘मंगल’ या फाँटासह; आणि तरीही विंडोज एक्सपीमध्ये भाषा व प्रदेशाच्या सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे, तोवर जोडाक्षरे तुटलेली आणि वेलांट्या भलत्या जागी दिसत.

तीन बाइटांच्या या हिशेबाचा अर्थ ‘स्नेहलतागंज’ या नावावरून नेमका कळतो. वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्यात स्ने, ह, ल, ता, गं, ज अशी सहा अक्षरे आहेत. युनिकोडच्या दृष्टीने त्यात अकरा चिन्हे आहेत: स, पाय मोडण्याचे चिन्ह, न, मात्रा, ह, ल, त, काना, ग, अनुस्वार आणि ज. यूटीएफ-८ मध्ये हीच अकरा चिन्हे तेहेतीस बाइट होतात, आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केवारीचे चिन्ह व दोन अंकाक्षरे असा लिहावा लागत असल्यामुळे तेथे त्यांची लांबी ९९ होते. पत्त्याच्या रकान्याला वीस बाइटांची मर्यादा घातलेली असेल आणि ती बाइट मोजूनच लागू होत असेल, तर पहिले अठरा बाइट ‘स्नेहल’ एवढे देतात आणि उरलेले दोन बाइट ‘त’चा अपुरा अवशेष म्हणून शिल्लक राहतात, पडद्यावर वस्तीच्या जागी एका व्यक्तीचे नाव आणि त्यापुढे चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते. इंग्रजीत वीस बाइट म्हणजे वीस अक्षरे असतात. ही सवय ज्यांच्या हाताला लागली होती, त्यांनी आखलेल्या तक्त्यांत हा दोष वर्षानुवर्षे राहिला.

बिघडलेल्या मजकुराचे निदान करण्याची एक रीत या काळात अनुभवातून तयार झाली. पडद्यावर रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत असतो, केवळ फाँट नसतो. साधी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मजकूर साठवतानाच नष्ट झालेला असतो, कारण ज्या सारणीत देवनागरी नाही तिच्यात तो कोंबताना प्रत्येक चिन्हाच्या जागी यंत्राने प्रश्नचिन्ह ठेवलेले असते, आणि ही हानी भरून येत नाही. तिसरे लक्षण सर्वांत परिचित आहे: डोक्यावर आघातचिन्ह असलेला लॅटिन ‘ए’ आणि त्याला लागून जगातील चलनांचे सर्वसाधारण चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, अशा जोड्यांची रांग. देवनागरी विभागाच्या पूर्वार्धातील प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट एकच असतात आणि लॅटिन-१ मध्ये वाचल्यास ते आघातयुक्त ‘ए’ व चलनचिन्ह असे दिसतात. उत्तरार्धातील चिन्हांत चलनचिन्हाच्या जागी येन येते. ही रांग दिसली म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्येच आहे, पण वाचणारा त्याला लॅटिन समजत आहे, असा निष्कर्ष निघतो. एका आघातयुक्त अक्षराच्या जागी दोन-दोन आघातयुक्त अक्षरे दिसू लागली, तर हीच चूक एकदा होऊन साठवली गेली आणि मग पुन्हा झाली, असे समजावे. अशा दुहेरी संकेतनाची दुरुस्ती उलट क्रमाने दोनदा करावी लागते.

तशी दुरुस्तीही प्रत्येक वेळी पूर्ण होत नाही. विंडोज-१२५२ या सारणीत पाच स्थाने रिकामी ठेवलेली आहेत, आणि देवनागरीच्या बाबतीत ती नेमकी मर्मावर येतात: पाय मोडण्याचे चिन्ह, ऱ्हस्व उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ आणि झ यांचा तिसरा बाइट या रिकाम्या स्थानांपैकी एखाद्यावर पडतो. काटेकोर रूपांतरक अशा ठिकाणी अडतो किंवा प्रश्नचिन्ह ठेवतो, आणि परत आणलेल्या मजकुरात जोडाक्षरे फुटलेली व उकार गळालेले आढळतात. स्नेहलतागंजातील ‘स्ने’ अशा वेळी पहिल्याच अक्षरात मोडतो. ‘ठ’ या अक्षराची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याचा तिसरा बाइट लॅटिन-१ मध्ये न तुटणारी मोकळी जागा मानला जातो, त्यामुळे बाइटांनाच अक्षरे समजून अनावश्यक मोकळ्या जागा काढून टाकणारा प्रोग्राम ‘मराठी’ या शब्दालाच इजा करतो.

लॅटिनचा हा आग्रह येतो कोठून, याचे उत्तर अनेक थरांत विखुरलेले आहे, आणि एकच थर दुरुस्त केल्याने प्रश्न सुटत नाही हेच या कामाचे खरे अवघडपण आहे. वेबचा व्यवहार ठरवणाऱ्या एचटीटीपी या नियमसंहितेच्या १९९९ च्या आवृत्तीत असे म्हटले होते की मजकुराचे संकेतन सांगितले नसेल तर ते लॅटिन-१ मानावे. ही तरतूद २०१४ मध्ये काढली गेली. सर्व्हरने पानाआधी पाठवलेल्या शीर्षकात एक संकेतन आणि पानाच्या आत दुसरे लिहिलेले असेल, तर ब्राउझर शीर्षकाला मान देतो, म्हणून पानात यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहूनही अपाचे सर्व्हरच्या जुन्या मांडणीमुळे ते लॅटिन म्हणून वाचले जाई. पीएचपी या भाषेतील, मजकूर वेबसाठी सुरक्षित करणाऱ्या प्रमुख फलनांचे गृहीत संकेतन २०१२ मधील ५.४ आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ होते. स्वीडनमध्ये जन्मलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसचे गृहीत संकेतन लॅटिन आणि अनुक्रम स्वीडिश होता. २०१८ च्या ८.० आवृत्तीने तो बदलला. जावाने यूटीएफ-८ हे सर्वत्र गृहीत धरले ते २०२२ मध्ये. या तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे युनिकोड प्रसिद्ध झाल्यानंतरची तीन दशके मराठी मजकूर एका थरात सुरक्षित आणि दुसऱ्या थरात निराधार का राहिला, हे स्पष्ट होते.

याच थरांपैकी सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वाधिक गोंधळ करणारा थर म्हणजे ‘लोकेल’. वापरकर्त्याची भाषा, प्रदेश आणि संकेतन यांची संगणकाला दिलेली एकत्रित माहिती, असा त्याचा अर्थ. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात ही संकल्पना आली. अक्षराची ओळख, अनुक्रम, संख्यालेखन, चलन आणि दिनांक असे तिचे विभाग पाडण्यात आले. युनिक्स परंपरेतील यंत्रांवर मराठीच्या लोकेलचे नाव भाषेसाठी ‘एमआर’, देशासाठी ‘आयएन’ आणि त्यापुढे यूटीएफ-८ असे लिहितात. ‘एलसी ऑल’ हे चल निश्चित केलेले असेल तर त्याचेच चालते, नसेल तर त्या त्या विभागाचे चल पाहिले जाते, आणि तेही नसेल तर ‘लँग’ हे सर्वसाधारण चल. यांपैकी काहीच नसेल, तर प्रोग्राम ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलमध्ये चालतो, ज्याला आस्कीपलीकडचे एकही अक्षर अक्षर म्हणून ठाऊक नाही.

वेब प्रोग्राम रचणाऱ्यांना सर्वाधिक चकवणारी अडचण येथूनच उद्भवते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःच्या खिडकीतून चालवून पाहिला तर तो निर्दोष चालतो, कारण तेथे त्याचे स्वतःचे लोकेल लागू असते. तोच प्रोग्राम सर्व्हरने चालवला की कोसळतो, कारण पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवेला वापरकर्त्याची चले मिळत नाहीत आणि ती ‘सी’ लोकेलमध्ये सुरू होते. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा वेळी संकेतांक १२८ च्या मर्यादेबाहेर असल्याची तक्रार येई. पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत तक्रारही येत नसे, आणि फाइलच्या नावातील देवनागरी अक्षरे गुपचूप गळून नुसते बिंदू व इंग्रजी प्रत्यय उरे. पायथॉनने २०१८ च्या ३.७ आवृत्तीत ‘सी’ लोकेल आढळल्यास स्वतःहून यूटीएफ-८ कडे वळण्याची सोय केली. तोपर्यंत उपाय एकच होता: सेवेच्या मांडणीतच लोकेल लिहिणे, फाइल उघडताना संकेतन सांगणे आणि डेटाबेसच्या जोडणीलाही ते वेगळे सांगणे.

माळव्यात या कामाला वाहून घेतलेली माणसे होती. रतलामचे रविशंकर श्रीवास्तव, ज्यांना हिंदी वाचक ‘रवि रतलामी’ म्हणून ओळखतात, यांनी लिनक्सवरील मुक्त प्रणालींच्या हिंदी अनुवादासाठी वर्षानुवर्षे परिश्रम घेतले, आणि देवनागरी लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याचा लाभ झाला. परंतु हिंदीची सोय झाली म्हणजे मराठीची झाली, हे समीकरण बरोबर नाही, आणि इंदूरच्या मराठी मजकुराला भोवलेला दुसरा पूर्वग्रह तो हाच.

हिंदीचे लोकेल लावलेल्या पानावर मराठी वाचता येते, म्हणून दोष लक्षात येत नाही, पण तो असतोच. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती प्रमाण वर्णमालेत निश्चित केली. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना संकेतांक एकच असल्यामुळे कोणते वळण दाखवायचे हे फाँट पानाच्या भाषानिर्देशावरून ठरवतो, आणि नोटोसारख्या फाँटांत ही सोय आहे. पानावर भाषा ‘एचआय’ लिहिली असेल तर स्नेहलतागंजातील ‘ल’ हिंदी वळणाचा उमटतो. दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर उच्चारणारी प्रणालीही याच निर्देशावर चालते, आणि मराठी ‘ज्ञ’ तिच्या तोंडी ‘ग्य’ होतो. अंकांचेही तसेच आहे: लोकेलांच्या सीएलडीआर या जागतिक कोशात मराठीचे गृहीत अंक देवनागरी आहेत आणि हिंदीचे आंतरराष्ट्रीय. त्यामुळे हिंदीवर तपासलेला प्रोग्राम मराठी लोकेलमध्ये रक्कम देवनागरी अंकांत लिहितो आणि मग तीच रक्कम पुन्हा वाचताना तिला संख्या मानायला नकार देतो.

अनुक्रमाचा दोष याहून जुना आहे. इस्कीने ‘ळ’ला ‘ल’शेजारी स्थान दिले आणि युनिकोडने ते कायम ठेवले, मराठी कोशपरंपरेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. ‘सी’ लोकेलमध्ये केवळ बाइटांच्या क्रमाने लावलेल्या नामावलीत ‘काळे’ हे आडनाव ‘काशीकर’च्या आधी येते, मराठी क्रमाने ते नंतर यायला हवे. मराठीला लागणारा ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीतच आला. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन किंवा हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ घेऊन काम चालवत, आणि ही तिन्ही रूपे यंत्राच्या लेखी भिन्न असल्यामुळे एकाचा शोध घेताना दुसरे सापडत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक दाखवणारा अर्धा ‘र’ काही लेखनपद्धतींत एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधारे लिहिला जातो. मजकुराची स्वच्छता करणारा प्रोग्राम अदृश्य चिन्हे काढून टाकतो, आणि डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्र होतो. या चुका इंग्रजी जाणणाऱ्यालाच काय, हिंदी जाणणाऱ्या तपासनिसालाही दिसत नाहीत. त्या पकडण्यासाठी मराठी वाचणारा माणूसच लागतो, आणि इंदुरात अशी माणसे मुबलक असताना मराठी पाने हिंदीची पोटशाखा म्हणून तपासली जावीत, ही गोष्ट खेदाची आहे.

या इतिहासाचे एक प्रकरण अजून चालू आहे. होळकर दरबाराची जी कागदपत्रे वा. वा. ठाकूर यांनी ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ या नावाने छापून काढली, तशी असंख्य कागदपत्रे मूळ मोडीत आहेत. अंशुमान पांडे यांच्या प्रस्तावानंतर मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ च्या ७.० आवृत्तीत, मात्र देवनागरीपासून फार दूरच्या, नव्याने भरलेल्या पट्ट्यात. त्यामुळे यूटीएफ-८ मध्ये मोडीचे प्रत्येक चिन्ह तीनऐवजी चार बाइट घेते. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावाने जे संकेतन दीर्घकाळ मिळत होते ते तीन बाइटांपर्यंतच पोहोचणारे होते. चार बाइटांसाठी २०१० मध्ये ‘यूटीएफ-८ एमबी-४’ हे वेगळे संकेतन द्यावे लागले. जुन्या संकेतनात आखलेल्या तक्त्यात देवनागरी शीर्षक आणि त्यापुढे मोडीतला मूळ मायना एकत्र साठवायला गेल्यास, डेटाबेस सैल नियमांवर चालत असेल तर पहिल्या मोडी अक्षरापाशी तो मजकूर तोडतो आणि पुढचे सर्व टाकून देतो. देवनागरी पाने बिनचूक दाखवणारे एखादे संकेतस्थळ मोडीसाठीही सज्ज आहे की नाही, हे त्याच्या पानांकडे पाहून कळत नाही. त्यासाठी तक्ता, रकाना आणि जोडणी या तिन्हींचे संकेतन वेगवेगळे उघडून पाहावे लागते, आणि होळकर दप्तर वेबवर आणू पाहणाऱ्या कोणत्याही संस्थेचे काम या तपासणीपासूनच सुरू होते.